जुनी होंडा सिटी व्हीटेक पुन्हा उभी करताना: इंजिनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (ठाणे-नवी मुंबई)

जुन्या सिटी व्हीटेकबद्दल मेसेज येतात त्यातले बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून काढलेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय तिथे नुसता नंबर दिलाय, तो बघा.

१. नेमक्या कुठल्या गाडीबद्दल बोलताय? आणि ही तर सेडान आहे, हिला स्पोर्ट्स कार का म्हणायचं?

होंडा सिटी भारतात १९९८ च्या जानेवारीत आली आणि २००३ च्या शेवटी तिच्या जागी नवीन आकाराची, लोक जिला डॉल्फिन म्हणतात ती सिटी आली. मधल्या काळात २००० साली त्या पहिल्या पिढीत १.५ व्हीटेक (वरच्या आरपीएमला वॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची रचना, कशी चालते ते १० मध्ये) मिळायला लागली, १४९३ सीसी, १०६ बीएचपी. आज टर्बो हॅचबॅकसुद्धा एवढी ताकद देतात पण तेव्हा आपल्याकडे सामान्य माणसाला घेता येईल अशा गाड्यांत वरच्या आरपीएमला असं ओरडत धावणारं दुसरं इंजिन शोधून सापडत नव्हतं, आणि वजनाला हलकी असल्यामुळे ती खरंच पळायची. दारं चार असली तरी चालवायला ती स्पोर्ट्स कारच आहे, माझं मत पक्कं आहे.

व्हीटेक नसलेली १.५ असेल तरी खालचं बहुतेक सगळं लागू आहे, फक्त १० आणि १४ मधला व्हीटेकचा भाग सोडून द्या.

२. दादा, गाडी सोसायटीत सहा-सात वर्षं उभी आहे. नवीन बॅटरी लावून चावी मारून बघू का?

नका. हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि सगळ्यात जास्त इंजिनं इथेच खराब होतात. इतकी वर्षं उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरलेलं असतं, आपल्या हवेत तर पिस्टनची रिंग जिथे थांबली तिथे गंजाची रेघ पडलेली असते, आणि स्टार्टरने एकदम फिरवलं की ती रेघ रिंगला खरवडते नाहीतर रिंगच तुटते.

आधी चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी न्यूट्रलला टाकून क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने फिरवा, आणि इथे एक लक्षात ठेवा की होंडाचं हे जुनं इंजिन पुलीच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, बाकी बहुतेक इंजिनांसारखं सुलट नाही. खूप मेकॅनिकना हे माहीत नसतं आणि ते सुलट ओढतात, मग टायमिंग बेल्ट टेन्शनरच्या बाजूने सैल पडून दात सुटू शकतो. हाताने पूर्ण दोन फेरे अडथळ्याशिवाय झाले तर पुढे जायचं. अडलं तर जोर लावायचा नाही, अजून ऑइल, अजून वेळ.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला त्याचं बिल नसेल तर बेल्टही बदला. हे इंजिन इंटरफिअरन्स प्रकारचं आहे, म्हणजे बेल्ट तुटला की पिस्टन थेट वॉल्व्हवर आपटतो आणि वॉल्व्ह वाकतात. वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो त्यामुळे दोन्ही एकदमच बदलायचे.

३. धूर येतोय म्हणजे इंजिन गेलंच ना?

नाही, धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळा भपका येऊन मग थांबतो तर बहुतेक वेळा वॉल्व्ह सील कडक झालेले असतात, आणि ते काम हेड न काढताही होतं. चालवताना ॲक्सिलरेटर दाबला की सतत निळा तर रिंगांकडे बोट जातं. पांढरा आणि गोडसर वासाचा असेल, कूलंटही कमी होत असेल तर हेड आणि ब्लॉकच्या मधलं हेड गॅस्केट गेलंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, त्याचा इंजिन उघडण्याशी संबंध नाही, सेन्सर आणि इंजेक्टर बघा. पावसाळी सकाळी पहिली दोन मिनिटं सायलेन्सरमधून येणारी साधी वाफ बघून बऱ्याच जणांना हेड गॅस्केटची भीती वाटते, गाडी गरम झाल्यावर ती थांबली तर काही नाही.

४. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये किती आलं पाहिजे?

गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून करायची. होंडाच्या या कुळातल्या इंजिनांना कमीत कमी साधारण १३५ पीएसआय लागतं आणि चार सिलिंडरमधला फरक २८ च्या आत पाहिजे. फरक जास्त महत्त्वाचा, हे माझं ठाम मत आहे, चारही १४५ असतील तर ते इंजिन थकलेलं पण धडधाकट आहे, तीन १८० आणि एक ११० असेल तर काहीतरी मोडलंय.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांकडून, तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. दोन शेजारचे सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट उडालंय असं समजून चला. आणि टेस्टच्या आधी टॅपेट सेटिंग (वॉल्व्हच्या वरची फट) तपासा, टॅपेट टाइट असेल तर चांगलं इंजिनही कमी आकडा दाखवतं आणि उगाच खोललं जातं.

५. मेकॅनिक म्हणतो "हाफ इंजिन" करू, फुलची गरज नाही. ऐकू का?

हाफ म्हणजे आपल्याकडे साधारण हेडचं काम, नवीन रिंगा, गॅस्केट आणि क्रँक तसाच. बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक) मोजून चांगला निघाला आणि ऑइल प्रेशर नीट होतं तर हाफ अगदी योग्य आहे. न मोजता मात्र नाही. झिजून लंबगोल झालेल्या बोअरमध्ये नवीन गोल रिंग टाकली की ती बसतच नाही आणि काही महिन्यांत धूर परत येतो, पैसे दोनदा जातात. त्यामुळे हाफ की फुल हा निर्णय हेड आणि सम्प (खालचं ऑइलचं भांडं) काढून मोजमाप झाल्यावर घ्यायचा, गाडी गॅरेजमध्ये शिरतानाच नाही. मोजमाप ८ आणि ९ मध्ये.

६. ठाण्यात/नवी मुंबईत हे काम कोणाकडे द्यायचं? नाव सांगा ना.

नाव देत नाही, कारण चांगला माणूसही गर्दीत असला की घाई करतो. पण ओळखायचं कसं ते सांगतो. गॅरेज आणि मशीन शॉप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इंजिन उतरवणारा मिस्त्री बोअरिंग स्वतः करत नाही, तो ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवतो. ठाण्यात वागळे इस्टेट आणि नवी मुंबईत तुर्भे, पावणे, रबाळेचा एमआयडीसी पट्टा इथे मशीनिंगची कामं करणारे शेड आहेत. वागळे ही एमआयडीसीची पहिली वसाहत, तिथले बरेच शेड आता आयटीच्या काचेच्या बिल्डिंगखाली गेले, जे उरलेत त्यांच्यात अजूनही कामात हात बसलेले लोक आहेत आणि हे टिकावं असं मला मनापासून वाटतं.

ब्लॉक कुठे जाणार ते विचारा आणि स्वतः बरोबर जा. तिथे बोअर गेज आणि मायक्रोमीटर आहे का, वापरतात का, आणि मापं कागदावर लिहून देतात का, एवढं बघा. "बोटाने कळतं आपल्याला" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. गॅरेजमध्ये टॉर्क रेंच दिसला पाहिजे. आणि या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल तुम्ही स्वतः प्रिंट काढून न्या, हेड बोल्ट, मेन कॅप, कनेक्टिंग रॉड सगळ्यांचे टॉर्क त्यात आहेत, चांगल्या मिस्त्रीला त्याचा राग येत नाही उलट तो खूश होतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन उतरवायचा विचार करत असाल तर नको. ऑइल सांडतं, तक्रार होते, आणि धूळ हा उघड्या इंजिनाचा शत्रू आहे. बाहेरचं काम, प्लग, बेल्ट, सेन्सर, वायरिंग, हे पार्किंगमध्ये खुशाल करा.

७. पावसाळ्यात काम काढलं तर चालेल का?

शक्यतो नको. होंडाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे पण आतले लायनर बिडाचे आहेत, होनिंग (बोअरला दगडाने बारीक रेघा पाडणं) झालेला कोरडा बोअर जुलैच्या हवेत एका रात्रीत तांबूस होतो. खाडीलगत कोपरी, कळवा, ऐरोली, पाम बीचच्या बाजूला तर अजून लवकर. दिवाळीनंतर काढा, मार्चपर्यंत संपवा. अडलंच असेल तर मशीन केलेल्या प्रत्येक भागाला लगेच ऑइल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि जुळणी होईपर्यंत उघडायचं नाही.

८. बोअरिंग करायचं की नुसतं होनिंग? पिस्टन कोणत्या साईझचे घ्यायचे?

मूळ बोअर ७५ मिमी. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा दोनदा मोजायचा. वर आणि खाली यातला फरक ०.०५ मिमीच्या पुढे गेला की बोअरिंग आलंच. त्याच्या आत असेल, ओरखडा नखाला लागत नसेल, तर होनिंग आणि स्टँडर्ड रिंगा पुरतात. ओव्हरसाईझ म्हणजे ०.२५ किंवा ०.५०, आणि जितकं कमीत कमी कापता येईल तितकं कापा कारण लायनरला पुढच्या वेळेसाठीही जाडी उरली पाहिजे.

एक नियम काही झालं तरी मोडायचा नाही, पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग करायचं नाही. आधी पिस्टन आणायचे, लेथवाल्याने ते स्वतः मोजायचे, मग त्या पिस्टनला ०.०१ ते ०.०४ मिमी गॅप ठेवून बोअर करायचा. बॉक्सवरचा आकडा वाचून बोअर केला आणि पिस्टन जरा लहान निघाले की इंजिन थंडीत टकटक करतं, आणि त्यावर इलाज नाही.

होनिंगनंतर ब्लॉक धुणं यावर कोणी बोलत नाही म्हणून लांब लिहितो. पेट्रोल किंवा डिझेलने पुसलं की होनिंगची बारीक भुकटी रेघांमध्येच राहते. गरम पाणी, कपडे धुवायची पावडर, नायलॉनचा ब्रश, आणि बोअर घासायचा, परत धुवायचा, परत घासायचा. मग पांढऱ्या सुती कापडाला थोडं ऑइल लावून बोअरमध्ये फिरवायचं. पहिल्यांदा कापड करडं निघतं. दुसऱ्यांदा फिकट करडं. कापड पांढरंच बाहेर येईपर्यंत धुणं चालू ठेवायचं, आणि ते झाल्या क्षणी हवा मारून ऑइल लावायचं. ऑइलच्या गॅलऱ्या पण ब्रशने साफ करायच्या, व्हीटेक सगळं ऑइलच्या प्रेशरवर चालतं त्यामुळे तिथे अडकलेला एक कणही त्रास देतो.

रिंगचा गॅप प्रत्येक सिलिंडरमध्ये रिंग बसवून फीलर गेजने मोजायचा, वरच्या रिंगला ०.१५ ते ०.३० मिमी.

९. क्रँक घासावा लागेल का? बेअरिंग "स्टँडर्ड" मागितले की झालं ना?

होंडात स्टँडर्ड म्हणजे एकच साईझ नाही. बेअरिंग रंगाने येतात, निळा, काळा, ब्राऊन, हिरवा, पिवळा असे, आणि प्रत्येक रंगाची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात वेगळी असते. ब्लॉक आणि क्रँकवर कंपनीने खुणा मारलेल्या असतात, त्या दोन खुणा मॅन्युअलमधल्या तक्त्यात जुळवून कोणत्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) कोणता रंग ते ठरतं. म्हणून इंजिन खोलताना खुणा पुसायच्या आधी फोटो काढा, जुन्या बेअरिंगच्या कडेचा रंगही टिपून ठेवा.

बसवल्यावर प्लास्टिगेजने तपासायचं, जर्नलवर ती मेणासारखी बारीक दोरी ठेवायची, कॅप टॉर्कने आवळायची, क्रँक अजिबात न फिरवता परत उघडायची आणि चपटी झालेली रुंदी पट्टीशी जुळवायची. जर्नलवर नख अडकेल असा ओरखडा असेल तर घासायला पर्याय नाही, पण मग ०.२५ अंडरसाईझ बेअरिंग आधी हातात घ्या, नियम तोच, ८ मधला पिस्टनचा.

१०. हेडचं काय काय करायचं?

सपाट आहे का ते स्ट्रेट एज आणि फीलरने बघा. ०.०५ मिमीच्या आत वाकलं असेल तर प्लेन करायची गरज नाही, त्याच्या पुढे असेल तर करायचं पण एकूण ०.२ मिमीपेक्षा जास्त कधीच काढायचं नाही. "थोडं जास्त घासू म्हणजे कॉम्प्रेशन वाढेल" हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, तो या गाडीला देऊ नका, कॅम ब्लॉकच्या जवळ येतो आणि टायमिंग मागे सरकतं.

वॉल्व्ह गाइडची ढिलाई बघा, सीट कापून घ्या, सील सगळे नवीन. रॉकर (कॅमच्या दाबाने वॉल्व्ह उघडणारे दांडे) काढताना प्रत्येक सिलिंडरचे इनटेकचे तीन रॉकर एकत्र रबरबँडने बांधून नंबर टाका. व्हीटेकमध्ये खालच्या आरपीएमला बाजूचे दोन रॉकर आपापल्या कॅमवर चालतात, वर गेल्यावर ऑइलच्या दाबाने आतली पिन सरकते, तिन्ही रॉकर जोडले जातात आणि मधल्या मोठ्या कॅमवर चालायला लागतात. तुमच्या कानाला जो आवाज बदललेला कळतो तो हाच. त्या पिना बोटाने सहज सरकल्या पाहिजेत, चिकट असतील तर साफ करा, जोर नको.

टॅपेट थंड इंजिनावर सेट करायचे, इनटेक ०.१८ ते ०.२२ मिमी, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७.

११. पार्ट ओरिजिनल मिळतात का? कुर्ल्याला जाऊ का?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला बॉडीचे, लाइटचे, गिअरबॉक्सचे पार्ट बघायला जरूर जा. इंजिनाच्या आतला कुठलाही वापरलेला पार्ट घेऊ नका, अपवाद कॅम आणि रॉकरचा, कारण ते मोजून घेता येतात. गॅस्केट, सील, बेल्ट, बेअरिंग, वॉटर पंप नवीनच, आणि होंडाच्या काउंटरवर नाव नाही तर पार्ट नंबर घेऊन विचारा. याच कुळातली इंजिनं जगभर सिव्हिकमध्ये गेली त्यामुळे बाहेरून मागवायचा रस्ता उघडा आहे, पण सिव्हिकचे पिस्टन किंवा गॅस्केट मागवण्याआधी बोअर आणि कोड जुळवा, १.६ चे खूप पार्ट दिसायला सारखे असतात आणि बसत नाहीत.

१२. एकूण खर्च किती येईल?

मोजमापाआधी जो आकडा देतो त्याच्यावर विसंबू नका. तीन भाग करा: मशीनिंग, पार्ट, मजुरी. यात मशीनिंग सगळ्यात स्वस्त असतं आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात. पार्ट सगळ्यात महाग. ठरवलेल्या बजेटचा एक तृतीयांश बाजूला ठेवून बाकीच्यातच काम बसवा, कारण इंजिन खाली उतरलं की क्लच, माउंटिंग, रेडिएटर, होज पाइप हे सगळं समोर दिसतं आणि ते तेव्हाच बदलणं शहाणपणाचं असतं.

१३. आमच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणतो आपल्या हवेत लागत नाही. बरोबर का?

चूक. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला उशिरा येतं किंवा येतच नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन थंडच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ते ऑइलमध्ये उतरतं, रिंगा झिजतात, ॲव्हरेज पडतं. शिवाय इंजिन पुरेसं गरम झाल्याशिवाय व्हीटेक चालू होत नाही. गाडी घोडबंदरला गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये गरम होत असेल तर रेडिएटर, फॅन आणि फॅनचा स्विच, रेडिएटर कॅप, वॉटर पंप या क्रमाने बघा. कूलंट भरताना ब्लीड बोल्ट उघडून हवा काढा. नळाचं पाणी नको.

१४. इंजिन बांधलं, मस्त चालतं, पण व्हीटेक लागतच नाही.

आधी ऑइलची पातळी. मग व्हीटेक सोलेनॉइड काढून त्याच्या खालची जाळी बघा, नवीन बांधलेल्या इंजिनात गॅस्केट सीलंटचे तुकडे तिथेच येऊन बसतात. सोलेनॉइडचा रेझिस्टन्स १४ ते ३० ओहममध्ये पाहिजे. प्रेशर स्विचची वायर जोडली आहे ना ते बघा. गाडी उभी ठेवून रेस करून व्हीटेक तपासू नका, ईसीयूला तापमान, लोड आणि गाडीचा वेग सगळं पाहिजे असतं, स्पीड सेन्सर बंद असेल तरी लागत नाही. सोलेनॉइडच्या गॅस्केटमधून ऑइल गळणं हे या गाड्यांचं जुनं दुखणं आहे, तोही बदला, आणि डिस्ट्रिब्युटरच्या ओ-रिंगचंही तेच.

१५. गरम झाल्यावर बंद केली की परत स्टार्ट होत नाही, अर्ध्या तासाने होते. इंजिनाचं काम बिघडलं का?

बहुतेक नाही. त्या काळातल्या होंडांमध्ये पेट्रोल पंपाला वीज देणारा मेन रिले डॅशबोर्डखाली असतो, त्याच्या आतल्या सोल्डरला बारीक तडे जातात आणि केबिन तापली की जोड सुटतो. चावी ऑन करून कान द्या, मागून पंपाचा दोन सेकंद आवाज आला पाहिजे. नाही आला तर रिले उघडून सोल्डर परत करून घ्या, मोबाइल रिपेअर करणाराही हे करून देतो. पंप चालतोय तरी स्टार्ट नाही तर डिस्ट्रिब्युटरमधला इग्नायटर बघा, तोही गरम झाला की दगा देतो.

१६. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुन्या व्हीटेकचं नुकसान होईल का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, रबर. वीस वर्षांपूर्वीचे पेट्रोलचे होज आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगा इथेनॉलसाठी बनवलेल्याच नव्हत्या, त्या फुगतात, चिरतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आग. इंजिन उघडंच आहे तर हे सगळं इथेनॉल चालणाऱ्या रबराचं बदलून घ्या, यात तडजोड नको. दोन, मिश्रण. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढंच पेट्रोल सोडलं तर मिश्रण पातळ होतं. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते सावरून घेतो, पण पूर्ण ॲक्सिलरेटरवर जुना ईसीयू त्याचं ऐकत नाही. म्हणून सेन्सर नवीन, इंजेक्टर साफ, आणि ट्यूनिंग करणार असाल तर ई२० वरच करा.

आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर आपल्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढतं, महिन्यातून एकदा तरी नीट गरम होईपर्यंत चालवा.

१७. पहिलं स्टार्टिंग आणि रनिंग-इन कसं करायचं? हळूच चालवायची ना?

प्लग काढून स्टार्टरवर फिरवा, ऑइलचा लाइट विझेपर्यंत. मग प्लग लावून स्टार्ट करा आणि आयडलवर ठेवू नका, पहिली पंधरा-वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास राहू द्या, कारण या इंजिनात रॉकर कॅमवर घासत चालतो आणि कमी आरपीएमला त्याला ऑइल कमी पोचतं. एक माणूस गळती बघायला, एक तापमानावर. कॅम नवीन नसला तरी असंच करा. पहिल्यांदा मिनरल ऑइल.

त्यानंतर फार हळू चालवणं हीच चूक. रिंग भिंतीवर दाबली जाते ती सिलिंडरमधल्या प्रेशरने, त्यासाठी लोड पाहिजे. पहाटे खारेगाव ओलांडून पडघा-शहापूरकडे निघा, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अर्धा-पाऊण ॲक्सिलरेटर देऊन ४००० पर्यंत न्या, मग पाय काढून गाडीला गिअरमध्येच हळू होऊ द्या. हे पुन्हा पुन्हा. एकाच स्पीडला तासभर धरून नका ठेवू आणि ट्रॅफिकमध्ये पहिला दिवस काढू नका. परत आल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला, मग ५०० किमीला परत, आणि मग १० डब्ल्यू ३० वर या. २० डब्ल्यू ५० चं जाड ऑइल ताज्या बांधलेल्या व्हीटेकला कशाला?

१००० किमीनंतर हेड थंड असताना टॅपेट परत तपासा.

१८. आता इंजिन उघडलंच आहे तर पॉवर पण वाढवू. काय काय लावू?

सगळ्यात मोठी वाढ तुम्हाला मूळ इंजिन नीट बांधूनच मिळणार आहे, थकलेल्या इंजिनाने कित्येक बीएचपी आधीच गमावलेले असतात आणि ते परत आले की गाडी वेगळीच वाटते. ती आधी दोन-तीन हजार किमी चालवा. मग काय कमी पडतंय ते तुमचं तुम्हाला कळेल.

टर्बो न लावता या इंजिनात फार मोठी उडी मारता येत नाही, हे मान्य करून सुरुवात करा. उघडं असताना करण्यासारखं म्हणजे हेडमधल्या पोर्टच्या कडा आणि गॅस्केटची जुळणी, तीन कोनांचे वॉल्व्ह सीट, पिस्टन आणि रॉडची वजनं सारखी करणं, क्रँक-फ्लायव्हील-क्लच एकत्र बॅलन्स करणं. यातलं बॅलन्सिंग मला सगळ्यात आवडतं, आकड्यात दिसत नाही पण ६००० च्या वर इंजिन जे गुळगुळीत जातं त्याने गाडी चालवायची मजाच बदलते. नंतर चांगला ४-२-१ हेडर (एक्झॉस्टचे चार पाइप आधी दोनात, मग एकात आणणारा). इनटेक म्हणून उघडा कोन फिल्टर बॉनेटखाली लावला तर तो गरम हवा ओढतो, मूळ एअरबॉक्स आणि नवीन फिल्टर ठेवा. कॅम बदलला तर ईसीयू ट्यून करावाच लागतो, वाइडबँड सेन्सरशिवाय (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा) ट्यून करणाऱ्याकडे जाऊ नका.

आणि या सगळ्याआधी ब्रेक, टायर, बुश. ही गाडी २००० सालची आहे, एअरबॅग-एबीएसच्या भरवशावर चालवायची नाही.

१९. बी१६ चं (होंडाचं दुसऱ्या कुळातलं १.६) इंजिन टाकलं किंवा टर्बो लावला तर आरटीओ काय म्हणेल?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते अजून स्पष्ट केलं. वेगळं इंजिन म्हणजे आरसीशी न जुळणारं इंजिन, अपघात झाला तर इन्शुरन्स हात वर करू शकतो. एमएच-०४ असो की एमएच-४३, नियम तोच. ट्रॅकसाठी वेगळी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. घरच्या गाडीला करू नका असंच सांगेन.

२०. व्हीटेक नसलेल्या १.५ वर व्हीटेकचं हेड बसतं असं ऐकलंय.

या कुळात जगभर लोक ते करतात, हो. पण नुसतं हेड बसवून होत नाही, सोलेनॉइडपर्यंत ऑइलची लाइन, व्हीटेकचा ईसीयू आणि वायरिंग लागतं, कॉम्प्रेशन किती झालं ते मोजावं लागतं. चांगली व्हीटेक बाजारात मिळत असेल तर ती घ्या. कायद्याचं १९ मध्ये.

२१. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने सीएनजी लावला होता. काही वेगळं बघायचं का?

हेड नीट बघा. गॅसवर एक्झॉस्ट वॉल्व्ह आणि सीट जास्त झिजतात, वॉल्व्ह वर सरकत जातो, टॅपेटचा गॅप कमी कमी होतो आणि शेवटी वॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि जळतो. अशा इंजिनात ४ मधली टेस्ट बऱ्याचदा एकाच सिलिंडरला मार दाखवते. इनटेक मॅनिफोल्डला गॅससाठी पाडलेलं भोक नीट बुजवा, नाहीतर तिथून हवा ओढली जाते. किट काढलात तर आरसीवरची इंधनाची नोंदही बदलून घ्या.

२२. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली होती, पण त्यानंतरही चालत होती असं विकणारा म्हणतो.

२६ जुलै २००५ च्या पुरात आपल्या भागातल्या किती गाड्या पाण्यात गेल्या ते आठवा, आणि त्यानंतरही दर दोन-चार पावसाळ्यांत जातच असतात. पाणी इनटेकमधून सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, रॉड वाकतो, आणि किंचित वाकलेल्या रॉडवर गाडी वर्षानुवर्षं चालूही राहते. अशा गाडीत हाफ इंजिनचा विषयच नको, चारही रॉड जिगवर तपासून घ्या. आत बसून कार्पेट उचला, सीटच्या रुळांवर आणि ईसीयूच्या कनेक्टरवर गंज किंवा मातीची रेघ असेल तर किंमत त्याप्रमाणे बोला किंवा सोडा.

२३. गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. नोंदणीही संपली आहे. इंजिनावर पैसे घालू का?

आधी कागद. मालक गेल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो, नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. दिल्लीसारखी पंधरा वर्षांची बंदी आपल्याकडे नाही, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत गाडी ठेवता येते, मात्र वीस वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे, ग्रीन टॅक्स वेगळा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरची) पाटीही लागते. वारसांची संमती आणि कर थकलाय का हे बघूनच इंजिन उतरवा, कारण तपासणीला गाडी स्वतःच्या चाकांवर न्यावी लागते आणि इंजिन लेथवर असताना ते जमत नाही.

वडिलांची गाडी म्हणून करत असाल तर करा, पैशाचा हिशोब लावला तर ती विकून तो खर्च कधीच निघणार नाही आणि तो निघावा म्हणून कोणी हे करतही नाही.

२४. ब्लॉकला तडा गेलाय. दुसऱ्या व्हीटेकचा ब्लॉक मिळतोय, तो टाकू का?

त्याच मॉडेलचा, त्याच प्रकारचा असेल तर टाकता येतो, पण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. विकणाऱ्याकडून बिल, त्या गाडीच्या आरसीची प्रत आणि ती स्क्रॅप झाली असेल तर त्याचे कागद घ्या, आणि पैसे देण्याआधी तुमच्या आरटीओत विचारून इंजिन नंबर बदलायची नोंद होईल याची खात्री करा. नंबर घासलेला किंवा परत ठोकलेला वाटला तर कितीही स्वस्त असो, हात लावू नका. जुना ब्लॉक भंगारात द्यायच्या आधी त्याच्या नंबरचा स्पष्ट फोटो काढून ठेवा, नोंद पूर्ण होईपर्यंत तो लागतो.